डाव्या पायाचा ब्रेक

"क्लच सोडू नका म्हटलं की तुम्ही बरोब्बर सोडता," मी म्हणाले. गाडीने दोन आचके खाल्ले होते आणि ऐन चौकात ती बंद पडली होती. मागून हॉर्न सुरू झाले होते. स्टिअरिंगला दोन्ही हातांनी लटकलेली बाई दातांची डॉक्टर आहे. दिवसभर लोकांच्या तोंडात पकड घालून दाढा उपटते, खुर्चीतला माणूस पांढराफटक पडतो आणि हिच्या कपाळावर आठीसुद्धा उमटत नाही. पण क्लचवर पाय ठेवला की हिला डावं-उजवं कळेनासं होतं. माझ्याकडे गाडी शिकायला येणारे बहुतेक असेच. बाहेर मोठी माणसं, आणि गाडीत बसली की पहिलीतली पोरं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. घरून मावशींचा होता. मावशी म्हणजे आमच्या म्हाताऱ्याला सांभाळायला दिवसभर येणारी बाई, आणि म्हातारा म्हणजे माझा बाप. तोंडावर मी त्याला अण्णा म्हणते आणि अहोजाहो करते. मनात काय म्हणते ते पुढे कळेलच.

"ताई, आजोबा आज फार करतायत," मावशी म्हणाल्या. "सारख्या लाथा मारतात पलंगाच्या फळीला. निखळेल अशानं. तो पाय जरा बांधून ठेवू का?"

"तुमच्या अंगावर मारतात का?"

"अंगावर नाही, फळीलाच. पण भीती वाटते ना माणसाला."

बांधू नका, मी येतेच थोड्या वेळात, असं सांगून मी फोन ठेवला. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं होतं. गाडी चौकात आडवी, मागे लोक खोळंबलेले, आणि यांना माझ्याबद्दल कौतुक दाटून आलं. वडिलांचं करता तुम्ही, किती चांगलं, हल्ली कोण करतं, आमच्याकडे तर असे एकेक पेशंट येतात की मुलं दारात सोडून निघून जातात, वगैरे. मी म्हणाले, "आरशात बघा, पहिला टाका आणि गाडी काढा." त्यांनी पहिल्याऐवजी तिसरा टाकला. मी माझ्या पायाखालचा, शिकवणाऱ्याचा क्लच दाबला आणि गिअर बदलून दिला.

हल्ली कोण करतं, हे वाक्य मला इतक्या जणांनी ऐकवलं आहे की त्याची टेप करून दारावर लावावी. लोकांना वाटतं, पोरगी लग्न न करता बापाजवळ राहिली, त्याची शाळा चालवते, त्याला झटका आल्यावर त्याचं हगणंमुतणं बघते, म्हणजे केवढी माया असेल. मला माझ्या बापाबद्दल माया नाही. त्याच्या खोलीत मी बसतसुद्धा नाही. दारातून डोकावते, औषध दिलं का विचारते आणि पुढे जाते. मावशी आल्यापासून तर तेवढंच.

शाळा म्हणजे आमची मोटार ड्रायव्हिंग स्कूल. दुकानावर अजून म्हाताऱ्याचा फोटो आहे, डोळ्यांत प्रेमळ भाव वगैरे. अर्धं गाव त्याच्या हाताखाली गाडी शिकलं, आणि त्यातला प्रत्येक जण एकच गोष्ट सांगतो, की मास्तरांसारखा शांत माणूस पाहिला नाही. गाडी खांबावर घातली तरी आवाज चढवायचे नाहीत. हे खरंच आहे. गाडीत त्याने कधीच आवाज चढवला नाही. गाडीला चारी बाजूंनी काचा असतात.

घराला भिंती होत्या. संध्याकाळी तो घरी यायचा, चपला काढायचा, आणि मग आम्ही त्याच्या मनगटाकडे बघत बसायचो, मी आणि माझा धाकटा भाऊ. त्याचं घड्याळ स्टीलच्या पट्ट्याचं होतं. मारायचं असेल तर तो आधी घड्याळ काढायचा. पट्ट्याची कळ खट्ट करून उघडायची, मग घड्याळ खिडकीतल्या फळीवर, काच वरच्या बाजूला ठेवून, अगदी सांभाळून. मारताना काच फुटू नये म्हणून. ते खट्ट ऐकलं की आई स्वयंपाकघरात नळ सोडायची. शेजारी आवाज जाऊ नये एवढंच तिच्या हातात होतं, असं ती समजायची. कधी तिलाही त्याच खोलीत बोलावणं यायचं, आणि मग नळ मला सोडावा लागायचा.

मी अठरा वर्षांची झाल्यावर त्याने मला गाडी शिकवली. त्या गाडीत, त्याच्या शेजारी बसून, मला आयुष्यात पहिल्यांदा त्याची भीती वाटली नाही. मी कितीही चुकले तरी तो हसून म्हणायचा, परत करू. रस्त्यावरचे लोक बघत होते ना. तेव्हाच मी ठरवलं की आपण गाडीतच राहायचं. भाऊ पळून गेला, लांबच्या शहरात नोकरीला लागला, आणि मी त्याच घरात राहून दिवसभर काचांच्या आड बसायचा धंदा पत्करला. दोघांत जास्त मूर्ख कोण ते मी अजून ठरवलेलं नाही.

आता मी त्याचं करते का, तर त्याला कारण आहे. मला त्याच्याकडून एकच गोष्ट हवी होती. त्याने म्हणावं, की हो, मी मारलं. माफी वगैरे नको, माफीचं मी काय लोणचं घालू? नुसतं हो म्हणावं. आई गेल्यावर लोक भेटायला आले होते, तेव्हा हा सगळ्यांसमोर बसून सांगत होता की आमच्या घरात कधी कुणाचा आवाज चढला नाही. लोक गेल्यावर मी त्याला विचारलं, अण्णा, तुम्ही घड्याळ काढून ठेवायचात ते आठवतं का? तो माझ्याकडे बघत राहिला, अगदी त्या फोटोतल्या डोळ्यांनी, आणि म्हणाला, "कुठलं घड्याळ? तुला लहानपणापासून स्वप्नं फार पडतात."

मी भावाला फोन करून खात्री करून घेतली, की आपल्याला मार बसायचा ना? पन्नाशीच्या बाईला हे असं विचारावं लागतं, ही त्या माणसाची करामत.

मग त्याला झटका आला. उजवी बाजू गेली. ज्या हाताने मारायचा तोच हात नेमका लुळा पडला, आणि शेजारच्या काकू मला हळूच म्हणाल्या, बघ, वर सगळं लिहिलेलं असतं. म्हणजे इतकी वर्षं नळाच्या आवाजातून त्यांना सगळं ऐकू येत होतं तर. वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, शब्द परत यायची आशा कमी. पण शिव्या शिल्लक राहिल्या. मेंदूत शिव्यांची जागा वेगळी असते म्हणे. पाणी हवं असलं तरी 'नालायक', ऊन लागत असलं तरी 'गाढव'. गंमत म्हणजे आम्हाला घरात तो याहून वेगळं फारसं काही बोलत नसेच, त्यामुळे माझं काही अडलं नाही. फक्त तो 'हो' कायमचा गेला. बापाने माझी शेवटची उधारीसुद्धा बुडवली, असं मला वाटलं. हॉस्पिटलातून त्याचं सामान मिळालं, त्यात ते घड्याळ होतं. मी ते मनगटावर चढवलं आणि तेव्हापासून घालते. पट्ट्यातले दुवे काढून तो लहान करून घेतला. चालतं उत्तम, घड्याळाने माझं काही वाकडं केलं नव्हतं. रात्री माझ्या खोलीत काढून ठेवते.

मी घरी पोचले तेव्हा म्हाताऱ्याजवळ एक पाहुणा बसला होता. जुना विद्यार्थी, निवृत्त झालेला कुठला तरी साहेब, पोट सुटलेला, सफरचंदांची पिशवी घेऊन आलेला. असे महिन्याकाठी येतातच. नाइलाजाने मला आत बसावं लागलं. स्टूल ओढून मी पलंगाच्या पायथ्याशी बसले. साहेबांनी नेहमीची टेप लावली. मास्तर म्हणजे देवमाणूस, मी नव्या गाडीचा आरसा उडवला तर मास्तर म्हणाले, आरसा दुसरा मिळतो, घाबरू नका. डोळे पुसले साहेबांनी. म्हाताऱ्याने त्यांना 'गाढव' म्हटलं. साहेब म्हणाले, ओळखलं बघा मला.

मावशी मोठ्या गोड आवाजात आतून म्हणाल्या, "आजोबा, सूप आणते हं," आणि वाटी घेऊन आल्या. तेव्हा मला पाय दिसला.

तोवर तो पाय निवांत पडून होता. मावशी दारात आल्या आणि म्हाताऱ्याची डावी टाच गादीवर रुतली. चवडा फळीला टेकला. आधी अर्धा दाब, क्षणभर थांबून मग पूर्ण. फळी करकरली. लाथ कशी असते ते मला माहीत आहे, आणि ही लाथ नव्हती. तो ब्रेक मारत होता.

शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. बाकीचे मास्तर तो उजव्या पायाने दाबतात. आमचा म्हातारा उजवा पाय दुमडून आरामात बसायचा आणि डाव्या पायाने ब्रेक मारायचा, असा दोन टप्प्यांत, की शिकाऊ माणसाला वाटावं, आपणच गाडी थांबवली. मलाही त्याने तसंच शिकवलं. समोर काय आलंय ते डोक्याला कळायच्या आत पाय गेला पाहिजे, म्हणायचा. माझा पाय आजही आधी जातो. दुसऱ्याच्या गाडीत बसले, रिक्षात बसले, तरी जातो. आत्ताही, मावशी वाटी घेऊन पुढे आल्या तेव्हा स्टुलावर बसल्या बसल्या माझी डावी टाच फरशीवर रुतली होती.

मी बघत राहिले. मावशी चमचा भरायला वाकल्या, फळी करकरली. बाजूला झाल्या, पाय सैल पडला. रुमाल घ्यायला परत वाकल्या, पुन्हा दाब. साहेब निघताना म्हाताऱ्याच्या खांद्यावर थोपटून गेले, तेव्हा पाय हललासुद्धा नाही.

साहेब गेले. मावशी भांडी घासायला आत गेल्या. मी उठून म्हाताऱ्याची उजवी बाही वर केली. मारायच्या जागा कुठल्या असतात हे मला कुणी शिकवायला नको. बाहीच्या आत, दंडाच्या मागच्या बाजूला, जिथे पाहुण्याची नजर जात नाही आणि डॉक्टर बघत नाहीत. तिथे चिमट्यांचे डाग होते. काही जुने पिवळे, काही ताजे जांभळे. लुळ्या हातावरच घेतले होते, म्हणजे हात झटकायची भानगड नाही. बाई कामात तरबेज होती. मी बाही खाली केली. म्हातारा माझ्याकडे बघत होता. "नालायक," तो म्हणाला.

मला बरं वाटलं. हे सांगून टाकते, उगाच साळसूदपणा कशाला. मी मावशींना एक शब्द बोलले नाही. दुपारच्या शिकवण्यांना निघून गेले आणि दिवसभर माझं मन हलकं होतं. एका शिकाऊ पोरीने गाडी फुटपाथवर चढवली तरी मी हसले. शेवटी कुणी तरी त्याला चिमटा काढला. शेवटी त्यालाही कळलं, दार उघडलं की माणूस अंग कसं चोरतो. मी काही केलं नव्हतं, मला काही करायचंही नव्हतं. फक्त काही बघितलं नाही असं म्हणायचं होतं. शेजारच्या काकूंना ते आयुष्यभर जमलं, माझ्या आईला जमलं. मला का जमू नये?

संध्याकाळी घरी आले. किल्ली हातात धरून जिना चढले आणि दाराशी थांबले. आतून फळीचा आवाज येत होता. करकर, मग थांबून पुन्हा करकर. मावशींचा आवाजही होता, हळू, गोड, शब्द कळत नव्हते. माझा हात कुलपाकडे जाईना. माझ्या लक्षात आलं की मी श्वास रोखून उभी आहे, कान दाराला लावून, आत कुणाचा काय रंग आहे याचा अंदाज घेत. शाळेतून आल्यावर मी याच पायरीवर अशीच उभी राहायचे, दप्तर पाठीला. केस पांढरे झाले, गुडघे बोलायला लागले, घराचा सगळा खर्च मी चालवते, आणि मी पुन्हा स्वतःच्याच दाराबाहेर चोरासारखी उभी.

तेव्हा माझं डोकं फिरलं. म्हाताऱ्यासाठी नाही फिरलं, त्याचं काय व्हायचं ते होवो. पण त्याला मारायचा हक्क कुणाला असलाच तर तो मला आणि भावाला होता, आणि आम्ही तो वापरला नव्हता. बाहेरची बाई येऊन तो परस्पर वापरते, आणि माझं घर पुन्हा तसलं घर होतं, हे मला सहन होईना. मी कुलूप मोठ्याने वाजवून दार उघडलं.

मावशी बाहेर आल्या. मी म्हणाले, "तुमची पिशवी घ्या. उद्यापासून येऊ नका."

त्यांनी आधी साळसूद चेहरा करून पाहिला. मग मी बाहीचं सांगितलं. मग त्यांचा गोड आवाज गेला.

"तुम्ही असता का दिवसभर घरात?" त्या म्हणाल्या. "काय काय शिव्या देतो तो मला, तुम्हाला काय माहीत."

"मला माहीत आहे."

"थोडा धाक ठेवावा लागतो, ताई. नाहीतर ही माणसं डोक्यावर बसतात."

नेमकं हेच वाक्य तो आईला सांगायचा, आमच्याबद्दल. मी पगाराचे पैसे मोजायच्या भानगडीत न पडता पर्समध्ये होते तेवढे त्यांच्या हातात कोंबले. त्यांनी चपला घातल्या, दारात थांबल्या आणि वळून म्हणाल्या, "खरं सांगा. हा माणूस चांगला होता का?"

"नव्हता."

"मग?"

"मग काही नाही. जिन्यातला दिवा गेलाय, सांभाळून उतरा."

भावाला फोन केला. त्याला सगळं सांगितलं, तर तो आधी हसायला लागला. ताई, तू अशी बाई घालवलीस? अगं, तिचा सत्कार करायला हवा होता, मी हार पाठवला असता. मलाही हसू फुटलं. दोघंही बराच वेळ हसलो, लहानपणी पांघरुणात हसायचो तसे, तोंड दाबून. मग तो म्हणाला, आता कोण करणार त्याचं? मी म्हणाले, नवी बाई मिळेपर्यंत मीच. तू ये चार दिवस. त्यावर त्याला एकदम ऑफिसातली कामं आठवली. त्याचं ऑफिस असं आहे की आई आजारी पडली, म्हातारा पडला, छत गळलं, की तिथे काम निघतंच. ठेवता ठेवता म्हणाला, "ते घड्याळ अजून तूच घालतेस ना? मला अजून मनगटावर काही सहन होत नाही." घड्याळाबद्दल तो दरवेळी विचारतो. म्हाताऱ्याबद्दल विचारायला विसरतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं अंग पुसायचं काम माझ्यावर आलं. मी चडफडतच कामाला लागले. बादलीत ऊन पाणी घेतलं, साबण, दोन पंचे, स्वच्छ सदरा. खिडकी लावून घेतली. म्हातारा टक लावून माझ्या हालचाली बघत होता. इतक्या महिन्यांत मी त्याच्या खोलीत एवढा वेळ कधी थांबलेच नव्हते. "अण्णा, अंग पुसायचंय," मी म्हणाले. "गाढव," तो म्हणाला. ठीक. दोघांचीही आपापली कामं सुरू झाली. मी बाह्या सारल्या आणि पाण्यात भिजू नये म्हणून घड्याळाची कळ उघडली. खट्ट झालं. घड्याळ मी खिडकीतल्या फळीवर ठेवलं.

मागे पलंग करकरला.

मी वळून पाहिलं. डावी टाच रुतलेली, बोटं वाकडी झालेली, चवडा फळीवर पूर्ण दाबलेला. पोटरी थरथरत होती. खोलीत मावशी नव्हत्या. खोलीत मी होते, आणि तो माझ्याकडे बघतही नव्हता. तो खिडकीतल्या घड्याळाकडे बघत होता. तोंड अर्धवट उघडं, पण त्यातून शिवी येत नव्हती.

मी तशीच उभी राहिले, पंचा हातात. कुठलं घड्याळ, म्हणाला होता. स्वप्नं फार पडतात, म्हणाला होता. त्याला सगळं आठवत होतं. खट्ट झालं की पुढे काय होतं, हे त्याला आमच्याइतकंच पाठ होतं. झटक्याने त्याचे शब्द नेले, मुलांची नावं नेली, पाणी आणि ऊन यांतला फरक नेला, आणि हे मात्र जागच्या जागी राहिलं होतं.

आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते माझ्यासमोर पलंगावर थरथरत होतं. मला वाटलं होतं, त्या दिवशी मोकळं वाटेल, रडू येईल, काहीतरी होईल. मला फक्त त्याची किळस आली. एवढासा जीव, हाडांवर कातडं, आणि या माणसाच्या भीतीने मी अर्धं आयुष्य पायरीवर उभं राहून काढलं. "आठवतंय ना, अण्णा?" मी विचारलं. त्याने डोळे मिटून घेतले. पाय तसाच दाबलेला. गाडी थांबत नव्हती आणि तो ब्रेक मारत होता.

घड्याळ तिथेच ठेवून मी नुसती उभी राहिले असते तरी चाललं असतं. हातसुद्धा लावायची गरज नव्हती. रोज सकाळी एकदा खट्ट करायचं आणि फळीवर ठेवायचं, काच वर करून. कुणाला कळलं नसतं, बाहीखाली डाग पडला नसता. मावशींपेक्षा माझं काम कितीतरी सफाईचं झालं असतं. तेवढं शिक्षण मला घरातच मिळालेलं आहे. हा विचार माझ्या मनात आला आणि लगेच गेलाही नाही. बादलीतल्या पाण्याची वाफ जाईपर्यंत मी तो करत होते.

मग मी फळीवरून घड्याळ उचललं. त्याच्यासमोर, त्याला दिसेल असं, मनगटावर चढवलं आणि कळ दाबली. तो आवाज वेगळा असतो, बसका. त्याने डोळे उघडले. माझ्या मनगटाकडे बघितलं, मग तोंडाकडे, पुन्हा मनगटाकडे. "घातलंय," मी म्हणाले. "बघा. घातलंय." बऱ्याच वेळाने पाय सुटायला लागला, आधी बोटं, मग चवडा, सगळ्यात शेवटी टाच. ब्रेक सोडतानाही एकदम सोडायचा नसतो, हे त्यानेच मला शिकवलं होतं.

पाणी गार झालं होतं. मी दुसरं आणलं. मान पुसली, पाठ पुसली, काखा पुसल्या, बाहीच्या आतले ते डाग हलक्या हाताने पुसले. घड्याळ सतत बादलीत बुडत होतं आणि साबणाने बुळबुळीत झालं होतं. शेवटी मी त्याला सदरा चढवला आणि बटणं लावली. "नालायक," तो म्हणाला. त्याची तब्येत मूळ पदावर आली होती.

तेव्हापासून ते काम मीच करते. नव्या बाईचं बघते म्हणते, पण अजून बघितलेलं नाही. भावाला मी पायाचं काही सांगितलं नाही. त्याने आता येऊन बघावं, फोनवर सांगायची ती गोष्ट नव्हे. साहेब मंडळी येतात, सफरचंदं आणतात, मास्तर देवमाणूस म्हणतात. मी स्टूल ओढून पायथ्याशी बसते आणि त्यांना चहा देते.

परवा दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा चढावर गाडी मागे न जाऊ देता थांबवून दाखवली. मोठा पराक्रम केल्यासारख्या माझ्याकडे वळल्या, आणि त्यांची नजर माझ्या मनगटावर गेली. काचेच्या आत धुकं धरलंय आणि काटे एका जागी उभे आहेत.

"मॅडम, तुमच्या घड्याळात पाणी गेलंय. बंद पडलंय ते."

"माहीत आहे," मी म्हणाले. "समोर बघा."